तीन पायांची चिट्टी

पिंजऱ्याचं दार उघडलं की मांजर आधी बाहेर डोकावेल, जमिनीचा वास घेईल, मग दबकत एखादा कोपरा गाठेल, असं बुद्धप्रियाला वाटलं होतं. तसं काही झालंच नाही. पिंजऱ्यातून करड्या रंगाचं काहीतरी सुटलं, भिंतीवर आदळलं, पडद्याला लटकून वर गेलं आणि पडदा दांड्यासकट खाली आला. मांजर पडेल म्हणून बुद्धप्रियाने हात पुढे केला, तोच मनगटात दात रुतले. ती ओरडलीसुद्धा नाही. फरशीवर रक्ताचे थेंब दिसले तेव्हा कुठे आपल्याला दुखतंय हे तिला कळलं.

दारात उभी असलेली तिची आई, नागूबाई, तोंडावर पदर धरून थिजली होती.

"अगं बया! मांजर हाय का वाघ हाय हे?"

मांजर तोवर कॉटखाली शिरलं होतं. आणि त्याला पायही तीनच होते.

सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या अंगाला, बुद्धप्रियाच्या इमारतीसमोर यंत्रमागाचं एक जुनं शेड होतं. माग कधीच विकले गेले होते, नुसते पत्रे आणि भिंती उरल्या होत्या. तिथे प्लॉट पाडायचे म्हणून काही दिवसांपूर्वी जेसीबी आला. बुद्धप्रिया तेव्हा पोस्टात कामावर निघाली होती. भिंत कोसळली, धुरळा खाली बसला, आणि विटांच्या ढिगातून एक मांजरी मागचा पाय ओढत बाहेर आली. लोक बघत उभे राहिले. बुद्धप्रियाही क्षणभर बघतच राहिली. मग तिने स्कूटीच्या डिकीतलं जुनं बेडशीट काढून मांजरीवर टाकलं, आणि ऑफिसला न जाता ती थेट जनावरांच्या डॉक्टरकडे गेली.

पाय काढावा लागला. त्याच वेळी पिल्लं होऊ नयेत म्हणूनही ऑपरेशन झालं. डॉक्टर नंदीश तरुण होते, पण बोलायचे ते मोजकं आणि स्पष्ट.

"ही पाळलेली नाही. जन्मापासून माणसापासून लांब राहिलीय. पण तीन पायांवर रस्त्यावर सोडली तर कुत्री ठेवणार नाहीत. कुणीतरी घरात घ्यायला पाहिजे."

"मी घेते," असं बुद्धप्रिया म्हणून गेली. घरात आई आहे, आईला विचारायला हवं होतं, हे तिला पायऱ्या चढताना आठवलं.

नागूबाई वैरागची. सगळा जन्म शेतात गेलेला. नवरा वारल्यावर लेकीकडे राहायला आलेली. मांजर तिला नवं नव्हतं. पण गावाकडची मांजरं आपल्या मर्जीने यायची, आपल्या मर्जीने जायची.

"कोंडून ठेवायचं जनावर हाय का हे?" ती म्हणाली. "चार दिसांत खुळं हुईल बघ ते."

मांजर चावल्यावर बुद्धप्रियाने इंजेक्शन घेतलं, मनगटाला पट्टी बांधली आणि ती पुन्हा डॉक्टर नंदीश यांच्याकडे गेली. डॉक्टरांनी जखम बघितली, पण त्यांना नवल वाटलं नाही.

"चूक तिची नाही. तिला माणूस म्हणजे काय हेच माहीत नाही. तिच्या लेखी तुम्ही एक मोठं जनावर आहात आणि तुम्ही तिला बिळात पकडलंय. एकच खोली द्या. आडोशाला एक खोका ठेवा. खाणं रोज त्याच जागी, त्याच वेळी. आत गेलात तर खाली बसा, पाठ करून बसा. डोळ्याला डोळा लावू नका. हात लावायचा विचारच मनातून काढून टाका."

"किती दिवस?"

"ते ती ठरवेल."

मग मागची खोली मांजरीची झाली. बुद्धप्रिया सकाळ-संध्याकाळ तिथे पाठ करून बसायची आणि पेपर मोठ्याने वाचायची; आवाजाची सवय व्हावी म्हणून. कॉटखालून फुसकारा यायचा. खाणं मात्र बुद्धप्रिया बाहेर गेल्यावरच संपायचं. शी-शूसाठी ठेवलेला रेतीचा ट्रे मांजरीने आपोआप ओळखला, तेवढीच एक गोष्ट सोपी गेली. नागूबाई दारातूनच विचारायची, "काय म्हणतीया वाघीण?" आणि आत पाऊल टाकायची नाही.

मार्च उजाडला आणि ऊन तापायला लागलं. एका सकाळी बुद्धप्रिया खाणं घेऊन आत गेली तर कॉटखाली कुणी नव्हतं. खोक्यात नव्हतं. कपाटामागे नव्हतं. खिडकीची जाळी एका कोपऱ्यात उचकटलेली दिसली. खिडकी दुसऱ्या मजल्यावरची. खाली सिमेंटची फरशी.

दोघी जिन्यावरून धावत खाली गेल्या. फरशीवर काही नव्हतं. रक्ताचा डाग नव्हता. गटाराच्या बाजूने, उभ्या टेम्पोंच्या खालून, रिकाम्या प्लॉटवरच्या विटांमधून त्यांनी शोधलं. नागूबाई गुडघे धरत वाकून बघत होती. बुद्धप्रियाने रजा टाकली. दुपार झाली, डोक्यावर ऊन आलं, तरी मांजर नाही.

"कुत्र्यांनी..." बुद्धप्रिया बोलायला लागली आणि थांबली.

"गप," नागूबाई म्हणाली. "आसं बोलू नगं."

लेक पुढच्या गल्लीत बघायला गेली. नागूबाई घामाघूम होऊन वर आली. तिला चक्कर येत होती. मागच्या खोलीत थंडीपासून कूलर पडून होता. आता त्या खोलीत जायला कुणाची अडचण नव्हती. तिने वायर प्लगमध्ये घातली. बुद्धप्रिया नेहमी आधी बटन दाबून मोटर चालते का ते बघायची, मग पाणी भरायची. नागूबाईला मात्र कोरडा कूलर लावायची भीती वाटायची. तिने बादली उचलली आणि बाजूच्या फटीतून पाणी ओतलं.

कूलर किंचाळला.

नागूबाईच्या हातातून बादली सुटली. सगळं पाणी पायावर आलं. कूलरच्या आत काहीतरी धडपडत होतं, पत्र्यावर नखं घासत होती. मागच्या बाजूची गवताची जाळी एका कडेने फाटलेली होती आणि त्या फटीतून दोन पिवळे डोळे तिच्याकडे बघत होते. मांजर पंख्याच्या पात्याला चिकटून बसलं होतं.

नागूबाईने आधी वायर ओढून काढली. मग ती तिथेच ओल्या फरशीवर बसली. बुद्धप्रिया परत आली तेव्हाही आई तिथेच होती.

"प्रिये... बटन दाबलं आसतं मी... आदी बटन दाबलं आसतं तर..."

"काय झालं? आई, काय झालं?"

नागूबाईने कूलरकडे बोट दाखवलं. बुद्धप्रियाने वाकून बघितलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. कूलरच्या आत पाणी ठिबकत राहिलं.

त्या दिवसापासून नागूबाई बदलली. कूलर गच्चीवर गेला. खिडकीला नवी जाळी बसली. आणि खोलीत पाठ करून बसायचं काम तिने लेकीकडून काढून घेतलं. ती पेपर वाचत नसे. ती लसूण सोलायची, तांदूळ निवडायची आणि वैरागच्या गोष्टी सांगायची: कुणाची विहीर, कुणाचं भांडण, कुणाची म्हैस. कॉटखालचा फुसकारा हळूहळू कमी झाला. मग एक दिवस आलाच नाही.

"ऐकतीया की," नागूबाई लेकीला सांगायची. "लई ध्यान दिऊन ऐकतीया."

एका रविवारी दारावर थाप पडली. दारात एक म्हातारी बाई उभी होती. काटक, नऊवारी नेसलेली, बोटांना सुतानं घासून घट्टे पडलेले. तिने आपलं नाव गुरम्मा सांगितलं. समोरच्या शेडमध्ये ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामाला होती, ते बंद पडेपर्यंत. नंतरही ती रोज तिथे यायची, मांजरीला भाकरी-दूध घालायला. मग मुलाने तिला विडी घरकुल वसाहतीत राहायला नेलं, आणि परत आली तेव्हा शेडच नव्हतं.

"मला वाटलं, मेली," गुरम्मा म्हणाली. तिचं मराठी तेलुगूच्या हेलाचं होतं. "काल पानवाला सांगितला, वर त्या पोस्टातल्या बाईंनी नेलं म्हणून. खरं हाय का वो?"

बुद्धप्रियाने तिला आत घेतलं. खोलीच्या दारातच गुरम्मा थांबली, उकिडवी बसली आणि हलक्या आवाजात बोलावू लागली, "चिट्टी... रा, रा चिट्टी."

"चिठ्ठी?" नागूबाई गोंधळली. "कुनाची?"

"नाव हाय तिचं. आमच्यात लहान, लाडकी असं."

कॉटखाली हालचाल झाली. करडं डोकं बाहेर आलं. मग खांदे, मग पोट. भर दिवसा, तीन माणसं समोर असताना, मांजर खोलीच्या मधोमध येऊन उभं राहिलं. बुद्धप्रियाने श्वास रोखला. इतक्या दिवसांत तिने मांजर पुरतं असं कधी पाहिलंच नव्हतं.

गुरम्माच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तसंच विझलं.

"पाय कुठाय?" तिचा आवाज चढला. "हिचा पाय कुठं गेला? काय केलं वो तुमी?"

"भिंत पडली अंगावर. डॉक्टर म्हणाले, काढावाच..."

"कापला? माझ्या चिट्टीचा पाय कापला?" गुरम्मा ताडकन उठली. "मी असते तर कापू दिला नसता! कोण तुमी ठरवणारे? कुणाला विचारलं?"

मांजर केव्हाच कॉटखाली गेलं होतं. गुरम्मा डोळ्याला पदर लावून बाहेर निघाली. बुद्धप्रिया "अहो, ऐका तरी" म्हणत तिच्यामागे गेली. नागूबाई दोघींच्या मागे. खोलीचं दार उघडं, घराचं दार उघडं. हे कुणाच्या ध्यानात येण्याआधीच पायांमधून काहीतरी सणकन गेलं.

"गेली!" नागूबाई ओरडली.

तीन पायांवर एवढ्या वेगाने पळता येतं? ती एकेका उडीत चार-चार पायऱ्या ओलांडत होती. गुरम्मा खालच्या वळणावर होती, तिच्याही बाजूने ती निसटली. बुद्धप्रिया अनवाणी धावली. ती फाटकापाशी पोचली तेव्हा मांजर रस्त्याच्या कडेला उभं होतं आणि समोर बघत होतं.

समोर काही नव्हतं. शेड नव्हतं, भिंत नव्हती. एक डंपर मागे मागे येत होता. त्याने खडी ओतली आणि गल्लीभर कडकडाट झाला.

"चिट्टी!" गुरम्माने मागून हाक मारली. "रा! इटु रा! इकडं ये!"

मांजरीने कान वळवला. मग ती वळली. गुरम्माने दोन्ही हात पसरले, पण ती त्या हातांकडे आली नाही. ती गुरम्माजवळून, बुद्धप्रियाच्या पायांजवळून, भिंतीला चिकटलेल्या नागूबाईजवळून जिना चढत गेली. लंगडत, धापा टाकत, कुठेही न थांबता. तिघी तिच्या मागे वर पोचल्या तेव्हा दार तसंच उघडं होतं, शेजारच्यांचंही उघडं होतं, वर गच्चीचाही रस्ता मोकळा होता. मांजर मागच्या खोलीत, कॉटखाली, आपल्या जागेवर होतं.

नागूबाई जिन्यावरच बसली. बुद्धप्रियाने आतून पाण्याचा तांब्या आणला. गुरम्मा उंबऱ्याशी उभी राहून आत बघत होती.

"माझ्याकडं नाही आली," ती शेवटी म्हणाली. रागाने नव्हे, तिला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. "घरात गेली."

"बसा की," नागूबाईने बाजूला सरकून पायरीवर जागा केली. "पाणी घ्या. लई दमला तुमी."

गुरम्मा बसली. पाणी प्यायली. मग हळू आवाजात तिने डॉक्टरबद्दल विचारलं, टाक्यांबद्दल विचारलं, चिट्टी किती रडली ते विचारलं. बुद्धप्रियाने सगळं सांगितलं. जाताना गुरम्मा म्हणाली, "मीसुद्धा कधी हात लावला नाही तिला. लावू देत नव्हती."

पुढे ती रविवारी यायला लागली. नागूबाई आणि ती खोलीत पाठ करून बसायच्या आणि बोलत राहायच्या, एक वैरागच्या मराठीत, एक तेलुगूच्या हेलात. मांजर कॉटच्या कडेला येऊन बसायचं. खोलीचं दार आता उघडंच असायचं. एकदा चिट्टी स्वयंपाकघरापर्यंत आली आणि भांडं पडल्यावर परत पळाली.

जूनमधल्या एका सकाळी बुद्धप्रिया कामावर जायला निघाली होती. मागच्या खोलीतून आईची हाक आली. एवढी दबकी की आधी तिला ऐकूच आली नाही.

"प्रिये. हितं ये. हळू."

नागूबाई फरशीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर तांदळाचं सूप तसंच होतं, हात हवेत थांबलेले. तिच्या पावलावर मांजरीने हनुवटी टेकवली होती. डोळे मिटलेले.

नागूबाईचे डोळे मात्र विस्फारलेले होते. ती हलत नव्हती. ओठ जेमतेम हलवत ती पुटपुटली,

"आता मी काय करू गं?"