साबणाला भिणारा पट्टा

कुत्र्याला पांढऱ्या चादरीवर उभं केलं, शिष्याने त्याच्या पाठीवरून फणी फिरवली आणि मेलेल्या गोचिडी चादरीवर टपटप पडू लागल्या. बाजारामागच्या त्या रिकाम्या गोदामात जमलेल्या माणसांनी तोंडात बोटं घातली. कुणी हात जोडले, कुणी आपलं कुत्रं पुढे दामटलं. उंच खुर्चीवर बसलेल्या पट्टेबाबांनी डोळे अर्धवट मिटून घेतले.

“मी काही केलं नाही,” ते म्हणाले. “मी कोण करणारा? शक्ती पट्ट्यात आहे. काल बांधला, आज बघा! आणि हे किडे समजू नका. हे तुमच्या घरातले क्लेश आहेत. आठ पायांचे क्लेश!”

“अगदी खरं,” पुढे बसलेल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या घरातल्या क्लेशाला दोनच पाय होते आणि तो शेजारीच बसून जांभई देत होता.

मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आत्याला हसू आवरेना. आत्या म्हणजे अख्ख्या गल्लीची आत्या. कोपऱ्यावरची लॉन्ड्री तिची. कपडा हातात आला की तिचा पहिला प्रश्न असायचा, “यावर काय सांडलंय?” डाग कशाचा ते कळल्याशिवाय तो काढायचा कसा? पण धंद्यातली ही सवय तिला घरीही सुटली नव्हती. दूधवाला असो, औषधवाला असो की वहिनीची नवी क्रीम असो, आत्याचं एकच पालुपद, “यात काय आहे?” त्यापायी तिचा दादा तिला फौजदारीणबाई म्हणायचा.

आज ती आली होती वहिनीच्या आग्रहाखातर. वहिनीचा भोपळ्या, म्हणजे नावाप्रमाणेच गोल गरगरीत कुत्रा, गोचिडींनी हैराण झाला होता. गोचिडी म्हटलं की वहिनी धसकायची. आधीचा कुत्रा गोचीडतापाने तिच्या मांडीवर गेला होता.

बाबांनी भोपळ्याच्या गळ्यात ओलसर कापडी पट्टा बांधला आणि नियम सांगितले. पट्टा काढायचा नाही. कुत्र्याला अंघोळ घालायची नाही. डॉक्टरकडे न्यायचं नाही.

“अंघोळ का नाही?” आत्याने विचारलं.

“साबण म्हणजे मायेचा फेस, बाई. त्याने शक्ती विटाळते.” मग बाबांनी आवाज खाली आणला. “घरी मांजर आहे?”

“आहे,” वहिनी म्हणाली.

“मग सांभाळा. कुत्र्यातून निघालेलं ते घरातल्या दुबळ्या जिवात शिरतं. मांजर थरथरू लागलं तर समजा, शिरलं. मग त्याला पाटीत घालायचं, वस्तीबाहेर सोडायचं आणि मागे वळून बघायचं नाही. नाही तर पुढची पाळी माणसांची.”

बाबा पैसे मागत नसत. ज्याने त्याने खुशीने पेटीत टाकायचे. पेटीशेजारी मात्र एक आडदांड शिष्य उभा असे, आणि त्याच्याकडे बघूनच लोकांना खुशी व्हायची.

“हा शिष्य बाहीतून गोचिडी टाकत असणार,” घरी येताना आत्या म्हणाली.

पण दुसऱ्या सकाळी तिनेच भोपळ्याला विंचरलं आणि ती चाट पडली. गोचिडी खरोखरच मरून पडत होत्या. इथे ना शिष्य होता, ना बाही. वहिनीचा चेहरा ‘बघा, सांगितलं होतं ना?’ म्हणत होता. आत्याची शंका पहिल्यांदाच तोंडावर आपटली होती. तरी पट्ट्याला येणारा अत्तराचा भपका तिला खटकत होता. कोटावर कुणी एवढं अत्तर मारून आणलं, की खाली कुठला तरी दुसरा वास दडवलेला असतो, हे तिला लॉन्ड्रीत नेहमी दिसायचं.

संध्याकाळी ती दुकान बंद करून आली तेव्हा सुपारी नेहमीच्या जागी नव्हती. सुपारी ही आत्याची मांजर. भोपळ्याच्या मानेवर डोकं ठेवून झोपायचं आणि जाग आली की त्याची मान चाटत बसायचं, हा तिचा उद्योग. आज ती कपाटाखाली आडवी पडली होती. कान फडफडत होते, पाय झटके देत होते, तोंडातून लाळ गळत होती. आत्या टॉवेल आणायला धावली. दादा-वहिनीच्या घरात तिची स्वतःची अशी एक सुपारीच होती.

ती टॉवेल घेऊन वळली तर दारात वहिनी पाटी घेऊन उभी होती. डोळे रडून लाल झाले होते.

“वन्सं, द्या तिला इकडे.”

“कुठे नेताय?”

“तुम्हाला ठाऊक आहे कुठे. बाबा म्हणाले तसंच झालं ना? अगदी तसंच!”

“म्हणूनच देणार नाही. वहिनी, त्यांना आधीच कसं कळलं?”

“सिद्धपुरुष आहेत ते.”

“किंवा हे असं होताना त्यांनी आधी पाहिलंय. मांजरं थरथरतात हे त्यांना पक्कं माहीत आहे.”

“तुम्हाला सगळ्यातच काळंबेरं दिसतं! मागच्या वेळी डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं ना? काय झालं? माझ्या मांडीवर जीव गेला त्याचा. आता घरातल्या माणसांवर आलं तर?”

आत्याने सुपारीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. मांजराचं थरथरणं तिच्या हाडापर्यंत पोचत होतं.

“वहिनी, मला फक्त एवढंच सांगा. साबणाने जाते ती शक्ती कसली? माझ्या दुकानात साबणाने डाग जातात, वास जातो, मळ जातो. आशीर्वाद गेलेला मी अजून पाहिला नाही.”

वहिनीने पाटी खाली ठेवली. मागे येऊन उभा राहिलेला दादा चपला घालत म्हणाला, “आधी डॉक्टर. वस्ती कुठे पळून जात नाही.” त्याने भोपळ्यालाही सोबत घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी सुपारीकडे एक नजर टाकली आणि विचारलं, “घरात कुत्रा आहे? त्याला गोचिडींचं काही लावलंय?” मग त्यांनी भोपळ्याचा पट्टा हातमोजे घालून सोडवला, हुंगला आणि कपाळाला आठ्या घातल्या. सुपारीला कोमट पाण्यात साबणाने धुतलं, झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं. भोपळ्यालाही साबण लावून खसखसून अंघोळ घातली.

“हे कीटकनाशक असावं,” त्या म्हणाल्या. “गोचिडींच्या काही औषधांत असा पदार्थ असतो, जो कुत्र्याचं शरीर पचवून टाकतं, पण मांजराचं नाही पचवू शकत. कुत्र्यासाठी मोजून दिलेलं औषधही मांजराला विष ठरतं. आणि हा पट्टा तर नुसता बुचकळून काढलाय. ही त्याची मान चाटते?”

“दिवसभर,” आत्या म्हणाली.

“मग शिरायचं ते जिभेवाटे शिरलं.”

मागोमाग आलेली वहिनी भिंतीला टेकून उभी होती. “बाई, आमच्या आधीच्या कुत्र्याचं काय चुकलं होतं?”

“तुम्ही आणलंत तेव्हा ताप फार वाढला होता. मी प्रयत्न केले, पण मला जमलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सगळं जमतं असं मी कधीच कुणाला सांगत नाही.”

रात्र सरली, उजाडलं, आणि सुपारीने मान वर करून आत्याच्या बोटाला चावा घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच आत्याला चाव्याचं कौतुक वाटलं.

पुढच्या बैठकीला गोदामात नेहमीसारखीच गर्दी होती. आत्याने बाबांसमोर टेबलावर काचेच्या तीन बरण्या ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच तिन्हींत जिवंत गोचिडी सोडल्या होत्या. पहिल्या बरणीत बाबांच्या पट्ट्याचा तुकडा होता आणि गोचिडी मेलेल्या होत्या. दुसरीत त्याच पट्ट्याचा, पण साबणाने पुन्हा पुन्हा धुतलेला तुकडा. तिथे गोचिडी आरामात फिरत होत्या. तिसरीत साधी चिंधी होती, बागेवर मारायच्या औषधात बुडवून वाळवलेली. तिथेही सगळ्या मेल्या होत्या.

“या चिंधीवर कुणी मंत्र म्हटलेला नाही,” आत्या म्हणाली. “मी तर ती बुडवताना शिव्या देत होते.”

लोक हसले. बाबा हसले नाहीत. “नास्तिकाच्या हातात शक्ती उलटी फिरते!”

“मग तुमच्या हातात सुलटी फिरू दे.” आत्याने पिशवीतून नवा कोरा पट्टा काढला. “हा आत्ता इथेच, सगळ्यांसमोर भारा. बरणीत टाकू आणि वाट बघू. तुमच्या रांगेत आम्ही एवढा वेळ उभे राहतोच.”

“असं उघड्यावर होत नसतं. पट्टा आत रात्रभर ठेवावा लागतो.”

“आत कशात?”

बाबा उत्तर जुळवत होते, तेवढ्यात वहिनी उठून खुर्चीमागच्या पडद्याकडे निघाली. आडदांड शिष्य वाटेत आला, तशी ती म्हणाली, “तुझ्या पेटीत मीही टाकलंय, हो बाजूला!” आणि तिने पडदा ओढला. मागे एक टब होता. त्यात पट्टे भिजत पडले होते. शेजारी अत्तराच्या बाटल्या आणि एक मोठा डबा. डब्यावर किड्याचं चित्र, त्याखाली ठळक अक्षरं. वहिनीने ती मोठ्याने वाचली.

“बागेतील किडींसाठी. प्राण्यांच्या अंगास लावू नये.”

गोदामात एकच गलका झाला. बाबा मागच्या दाराकडे सरकले, पण तिथे दादा दाराला पाठ लावून उभा होता. “पोलीस येतायत,” तो म्हणाला. “तोवर बसा, क्लेश करून घेऊ नका.”

त्या गलक्यात एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. पोस्टातून निवृत्त झालेले, घरात एकटे राहणारे. ते बरण्यांकडे बघत राहिले.

“म्हणजे माझ्या मांजरीच्या अंगात काही शिरलं नव्हतं?” त्यांनी आत्याला विचारलं. “नुसतं धुतलं असतं, डॉक्टरकडे नेलं असतं, तर?”

आत्याला सुपारीसाठी आणलेली पाटी आठवली.

“मी तिला वस्तीबाहेर ठेवून आलो,” ते म्हणाले. “ती मागून ओरडत होती. बाबा म्हणाले होते वळून बघायचं नाही, म्हणून मी बघितलं नाही.”

खाली बसलेल्या माणसांमधून एकेक हात आपापल्या कुत्र्याच्या गळ्याकडे गेला आणि पट्टे सुटू लागले.

“हाताला लागू देऊ नका, पिशवीत टाका,” आत्याबरोबर आलेल्या डॉक्टरीणबाई ओरडल्या. “घरी जाऊन कुत्र्यांना अंघोळ घाला, मांजरांना लांब ठेवा. ज्यांची मांजरं थरथरतायत त्यांनी आत्ताच्या आत्ता माझ्याकडे या!”

आत्याने म्हाताऱ्या गृहस्थांचा हात धरला. “चला, आपण दोघं जाऊन शोधू,” ती म्हणाली. मग लोकांकडे वळली. “ज्याने आपल्याला डॉक्टरांना विचारायची बंदी केली, त्यालाच आधी विचारायला हवं होतं. आपण घाबरलो होतो म्हणून विचारलं नाही. घाबरण्यात काही चूक नाही. पण तो घाबरवून गप्प बसवत होता आणि आपण गप्प बसलो, त्याची किंमत या मुक्या जिवांनी मोजली.”

ती दोघं अंधार पडेपर्यंत वस्तीबाहेरच्या झुडपांत हाका मारत हिंडली. मांजर सापडली नाही.

महिन्याभराने भोपळ्याच्या गोचिडींचं औषध घ्यायला वहिनी दवाखान्यात गेली. सोबत आत्या होती. डॉक्टरीणबाईंनी पुडी पुढे केली. आत्याने सवयीने तोंड उघडलं, पण वहिनीने तिला हाताने थांबवलं आणि स्वतःच विचारलं.

“बाई, यात काय आहे? आणि आमच्या सुपारीला याचा त्रास नाही ना होणार?”