मेलो नाही, झोपलोय

मित्रांनो, मी एक म्हातारा काळा घोडा आहे, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी मेलेलो नाही. खूप जणांना तसं वाटून गेलंय. माझी सगळी फजिती त्यातूनच झाली, म्हणून आधीच सांगितलं. आता हसायचं ते हसून घ्या.

माझं नाव यॉरिट. मी फ्रीसलंडचा, म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तरेकडचा. आमच्याकडची जमीन इतकी सपाट की एका गावात कुणी आडवं झालं तर दुसऱ्या गावाला दिसतं. लहानपणी मला त्याचं काही वाटायचं नाही. मी शिंगरू होतो, दिवसातून दहादा गवतात लोळायचो, आणि मी झोपलो की आई शेजारी उभी राहायची. आई झोपली की दुसरी एखादी घोडी उभी. घोड्यांचं असंच असतं. एक झोपतो, एक जागा राहतो. हे कुणी शिकवत नाही.

मग हिल्केने मला लेउवार्डनच्या बाजारात घेतलं. व्यापाऱ्याच्या हातावर हा टाळी मारायचा, मग याच्या हातावर तो, आणि प्रत्येक टाळीला भाव थोडा सरकायचा. शेवटच्या टाळीला मी हिल्केचा झालो. हिल्के म्हणजे उंच, कमी बोलणारा, लाजाळू माणूस. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या एकच काम, गावातली मयताची गाडी.

हे काम सोपं नाही, मित्रांनो. आमच्या गावात मयताला चर्चभोवती तीन फेऱ्या घालतात. घंटा वाजत असते, कुणी एक शब्द बोलत नाही, खडीवर फक्त माझ्या टापा. गाडीला धक्का बसता कामा नये. मी ते काम अस्सं करायचो! लोक म्हणायचे, "यॉरिट ओढतोय ना, मग पेटीतल्या माणसाची झोप मोडायची नाही." पायांवर आमच्या जातीचे लांब केस आहेत, खुरांपर्यंत लोंबणारे. हिल्के ते धुवायचा, विंचरायचा, खुरांना काळं लावायचा. मी पॉलिश केलेल्या बुटासारखा चमकायचो.

पण एक नियम होता. पेटी गाडीत असताना जो घोडा पडला, त्याला पुन्हा कधी जुंपत नाहीत. माझ्या आधीचा घोडा चर्चच्या फाटकात पडला होता. पुढच्या सोमवारी व्यापाऱ्याची गाडी आली आणि तो गेला. कुठे गेला ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता माझ्या झोपेचं सांगतो.

मी बेशरमासारखा झोपायचो. पोट वर आलेलं, चारी पाय ताठ, तोंड उघडं, जीभ गवतात. वर घोरायचो. माझ्या कुरणासमोर, रस्त्यापलीकडे बाउक्येचं घर होतं. बाउक्ये म्हणजे हिल्केच्याच वयाची, एकटी राहणारी, खिडकीत बसलेली बाई. ती दिवसभर बसलेली असायची. मला ते आवडायचं. का आवडायचं ते मला तेव्हा कळत नव्हतं.

पहिल्यांदा तिने मला असं पडलेलं बघितलं तेव्हा ती लाकडी बूट खडखडवत धावत आली.

"हिल्के! अरे हिल्के! तुझा घोडा गेला!"

"कुठे गेला?"

"कुठे म्हणजे? वर!"

हिल्के आला, मला पायाने हलकेच ढोसलं, मी एक डोळा उघडला. "झोपलाय गं," तो म्हणाला.

"असं झोपतात होय? माझा नवरा शेवटी असाच दिसत होता."

असं चार-पाच वेळा झालं. मग एकदा हिल्के गावाबाहेर होता, आणि तिने सरळ बंबवाल्यांना फोन लावला.

आमचे आगीचे बंबवाले म्हणजे गावातलेच लोक, आणि पडलेलं जनावर उचलायलाही तेच येतात. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. डाउवे न्हावी त्यांचा म्होरक्या. त्या दिवशी त्याच्या खुर्चीत पाद्रीबाबा बसले होते, अर्धे केस कापून झालेले. भोंगा वाजला, डाउवे कात्री टाकून पळाला, आणि पाद्रीबाबा गळ्यात फडकं तसंच ठेवून त्याच्या मागे. बेकरीवाल्याची भट्टीतली पावाची अख्खी खेप जळाली म्हणे.

मला हे काही माहीत नव्हतं. मी झोपलो होतो! डोळे उघडले तर पिवळ्या टोप्यांचं कोंडाळं, माझ्या पोटाखालून पट्टे सरकवतायत, डोक्यावर कप्पी लटकतेय. मी असा काही उसळलो की डाउवे कुरणाकडेच्या चरातल्या पाण्यात पडला. आणि घाबरून माझ्यातून जो मोठा आवाज निघाला, मित्रांनो, तो तोंडातून नव्हता.

सगळं गाव हसलं. पाद्रीबाबा तर अर्ध्या डोक्याने हसले.

संध्याकाळी हिल्के परत आला तेव्हा रस्त्यावर जो भेटेल तो बोलायचा. "काय हिल्के, आज कुणाला न्यायचंय? यॉरिटला?" "मयत ओढून ओढून स्वतःच्या मयताची तालीम करतोय वाटतं!" बेकरीवाला म्हणाला, "माझ्या पावांना पण तीन फेऱ्या घाल बाबा, जळून गेले बिचारे." हिल्केचे कान लाल झाले. तो तसाच बाउक्येच्या दारात गेला.

"माझ्या घोड्याकडे बघत बसू नकोस. दुसरं काही काम नाही का तुला?"

बाउक्ये म्हणाली, "नाही. नाहीये."

आणि तिने पडदा ओढला. आमच्याकडे दिवसाढवळ्या पडदा कुणी ओढत नाही. लपवायचं काय असतं माणसाजवळ? तिने ओढला, आणि तो पुन्हा उघडला नाही.

त्यानंतर मी जरा पाय दुमडले की हिल्के टाळ्या वाजवत यायचा. "ऊठ! ऊठ आधी! लोक बघतायत!" मी उठायचो. माझं तापट डोकं म्हणायचं, याला एक लाथ घालावी. पण त्याचा चेहरा बघितला की माझीच मान खाली जायची. माझ्या मालकाला माझ्यामुळे तोंड लपवावं लागतंय! शेवटी मी ठरवलं, झोपायचंच नाही. समोर पडदा, मागे टाळ्या. कुणाच्या भरवशावर अंग टाकायचं?

घोडे उभ्याने झोपतात असं तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. ती डुलकी असते, मित्रांनो. झोप वेगळी. उभ्याने झोप लागली की पुढचे पाय आपोआप मुडपतात आणि खुरावरचे सांधे धाडकन जमिनीवर आपटतात. मी दचकून उभा राहायचो. पुन्हा आपटायचो. सोलवटून रक्त यायचं. पण वरून ते लांब केस! कुणाला काही दिसलं नाही. मीही दिसू दिलं नाही. लाजेचं असंच असतं, ती आधी जखम झाकते.

पानगळीच्या दिवसांत बाउक्ये गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की सगळं करायचं सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याने. घरोघरी सांगायला जायचं त्याने, खुर्च्या मांडायच्या त्याने, गाडी जुंपायची त्याने, नंतर घर आवरायचं त्याने. भांडण असलं तरी. बाउक्येचा जवळचा शेजारी हिल्केच.

त्या सकाळी तो माझे पाय धूत होता. केस बाजूला सारले आणि त्याचा हात थांबला. जखम ओली होती. त्याने रस्त्याकडे बघितलं. लोक काळ्या कपड्यात जमायला लागले होते. त्याने खिशातून बूट-पॉलिश काढलं आणि जखमेवर फासलं. "आजचा दिवस काढ रे," एवढंच म्हणाला. इतकं झोंबलं, पण मी पाय हलवला नाही.

पहिली फेरी नीट झाली. दुसरी नीट झाली. तिसरी फेरी संपवून आम्ही कबरीपाशी उभे राहिलो. घंटा थांबली. पाद्रीबाबा हळू आवाजात काहीतरी वाचत होते. पाठीवर ऊन आलं. मी स्वतःला म्हणत होतो, यॉरिट, नको. यॉरिट, आत्ता नको.

माझे पुढचे पाय मुडपले. गुडघे खडीवर. गाडी पुढे झुकली आणि बाउक्येची पेटी समोरच्या फळीला ठक् करून लागली.

मला जाग आली. संपलं, मला वाटलं. सोमवारी व्यापाऱ्याची गाडी.

तेवढ्यात गर्दीतून एका बाईचा हुंदका आला. "अगं बाई, बघा! गुडघे टेकले त्याने! बाउक्येसाठी गुडघे टेकले!"

मग सगळेच रडायला लागले. डाउवे रडला. बेकरीवाला रडला. पाद्रीबाबांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "या मुक्या जिवाला कळलं, आपल्याला नाही कळलं."

मित्रांनो, मी घोरत होतो.

नंतर सगळे चर्चशेजारच्या दालनात कॉफीला बसले. मला बाहेर, उघड्या खिडकीपाशी बांधलं होतं. जो येईल तो मला साखरेचा खडा द्यायचा, केकचा तुकडा द्यायचा. मी खाल्ले. न खाऊन काय करणार? पण देणाऱ्याच्या डोळ्यांत बघितलं नाही.

"रविवारच्या प्रवचनात मी याच्यावरच बोलणार आहे," पाद्रीबाबा म्हणाले.

"हिल्के, माझ्या वेळी पण टेकायला सांग हं त्याला," डाउवे म्हणाला. "मी चरात पडलो होतो त्याच्यापायी, तेवढा हक्क आहे माझा!"

लोक हसले. हिल्केने कप बशीत ठेवला.

"टेकले नाहीत."

"काय?"

"त्याने गुडघे टेकले नाहीत. झोप लागली त्याला." हिल्केचे कान पुन्हा लाल झाले होते, पण तो थांबला नाही. "बंब आला होता ना, तेव्हापासून मी त्याला आडवं होऊ दिलं नाही. तुम्ही हसलात, मला लाज वाटली. बाउक्येला नको ते बोललो. आज सकाळी जखम दिसली मला. वरून पॉलिश लावलं."

मी मान भिंतीकडे वळवली. मला वाटलं, का बोललास रे? सुटलो होतो की आपण दोघं!

रिन्स्के डॉक्टरीण, आमच्या गुरांची आणि घोड्यांची, हातात केक घेऊन तशीच बाहेर आली. वाकून माझ्या पायांचे केस बाजूला केले. केक कुणाच्या तरी हातात दिला.

"हे असंच चाललं ना, तर याचे सांधे जातील," ती मागून आलेल्या हिल्केला म्हणाली. "मग माझ्याकडे याच्यासाठी एकच सुई उरेल. कुठली ते कळतंय ना?"

"मग झोपेचं काही औषध दे."

"औषध कसलं देऊ? कळपातला प्राणी आहे तो. कुणीतरी जागं आहे असं वाटलं की अंग टाकतो. आधी कसा झोपायचा मग? कोण होतं जागं?"

हिल्केने लांब, बाउक्येच्या घराकडे बघितलं. ओढलेल्या पडद्याकडे.

"होतं," तो म्हणाला. "मीच घालवलं."

मयताची गाडी मी पुन्हा ओढली नाही. शेजारच्या गावाचा घोडा येतो आता. सोमवारी फाटक वाजलं तेव्हा मी कुरणाच्या पार टोकाला गेलो. पण व्यापारी नव्हता. हिल्के होता. बाउक्येचं घर आवरून आला होता, आणि त्याच्या डोक्यावर तिची खिडकीतली खुर्ची होती, उशीसकट. त्याने ती कुरणाच्या मधोमध ठेवली, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी, आणि बसला.

"झोप," म्हणाला. "मी आहे."

मी कुठला झोपतोय! मी त्याच्याकडे शेपूट करून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. लोक सायकली थांबवून बोलायचे. "काय हिल्के, खिडकी कुठे विसरलास?" "कॉफी आणू का रे, की अंडी उबवतोयस?" ज्या माणसाने आयुष्यात कामाच्या वेळी कधी बूड टेकलं नाही, तो सगळ्यांसमोर बसून राहायचा. कान लाल. उठायचा मात्र नाही.

एका दुपारी मी त्याच्या त्या लाल कानांकडे बघत होतो. मला वाटलं, हा एवढा वेळ माझ्यासाठी लाजतोय. मग मी एकट्यानेच का उभं राहायचं? मी पाय दुमडले. आधी नुसता बसलो. टाळी वाजली नाही. मग कूस टाकली, मान टाकली, जीभ गवतात टाकली.

काय झोप होती ती, मित्रांनो!

भोंग्याने जाग आली. कुणा वाटसरूने बघितलं असणार, घोडा आडवा आणि खुर्चीत म्हातारा, मान छातीवर. हिल्केलाही डुलकी लागली होती! डाउवे हातात कंगवा घेऊन धावत येत होता. "कोण गेलं? दोघंही?"

माझे कान तापले. पाय आपोआप गोळा झाले. मी हिल्केकडे बघितलं. त्याने दोन्ही हात वर उचलले. आता टाळी वाजणार, मला माहीत होतं.

एक हात त्याने डाउवेला थांबवायला पुढे केला. दुसऱ्याचं बोट ओठावर ठेवलं.

"हळू बोला. झोपलाय तो."

मी झोपलो नव्हतो. पण माझा मालक चारचौघांत खोटा पडू नये म्हणून मी डोळे मिटले.

तर मित्रांनो, कुठे घोडा आडवा दिसला तर आधी लांबूनच त्याचं पोट बघा. संथ वरखाली होतंय? कान मधूनच हलतोय? मग ओरडू नका. जमलं तर क्षणभर तिथे उभे राहा, त्याला तेवढं पुरतं. तो लोळण घेत असेल, घामाने भिजला असेल, सारखा पोटाकडे वळून बघत असेल, तर मात्र धावा, फोन करा, आणि लोक हसतील म्हणून थांबू नका. बाउक्ये कधी थांबली नाही. आणि कुणी दमून अंग टाकलं असेल, घोडा असो की माणूस, त्याला लोक बघतायत असं सांगून उठवू नका.

मला अजून लाज वाटते. पण आता मी आडवा होऊन लाजतो.