एक हिसका म्हणजे थांब

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे दाखवणारी नव्हे, की डोंगरावरून दूरचं गाव दाखवणारीही नव्हे. मी रायफलीवर बसवायची दुर्बीण. वीतभराहून थोडी लांब पोलादी नळी, दोन्ही टोकांना काच, आणि फिरवायच्या दोन चकत्या, एक डोक्यावर नि एक कुशीला. उत्तर ओंटारिओतल्या एका लहान गावात, जुन्या सैनिकांच्या क्लबात, एका कपाटात मी पडून असते. शाळेची मुलं आली की मला हातात घेतात, डोळा लावतात आणि लगेच म्हणतात, "ह्यात तर काहीच दिसत नाही!"

खरं आहे. माझ्या आत पांढरं धुकं आहे. ते कुठून आलं, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म टोरांटोच्या एका कारखान्यात झाला. दुसरं महायुद्ध चालू होतं. पुरुष लढाईवर गेले होते, म्हणून आमच्या काचा बायकाच घासत. नोरीन नावाच्या बाईने माझी पुढची काच तांबड्या भुकटीने दिवसभर घासली. मधूनच ती काच उजेडाकडे धरून पाही. शेजारची तिला म्हणाली, "नोरीन, हिच्यातून चांगला नवरा दिसेल का गं?"

"नवरा नाही, शत्रू दिसायचाय."

"मग माझ्या घरीच लाव. दोन्ही कामं एकदमच होतील!"

सगळ्या हसल्या. नोरीनही हसली. पण हसताना तिने श्वास बाजूला वळवला, माझ्यावर पडू दिला नाही. काचेला वाफ चालत नाही, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं.

मित्रांनो, पूर्वी सैनिक नळीवरच्या साध्या खाचेतूनच नेम धरत. मग कुणाच्या तरी मनात आलं, शिकाऱ्याची दुर्बीण सैनिकाच्या रायफलीवर बसवली तर? माझ्या आधीच्या दुर्बिणी फार नाजूक होत्या. बार उडाला की त्यांच्या काचा सैल होत, पावसात त्यांत पाणी शिरे. माणसं शिकत गेली आणि आम्ही मजबूत होत गेलो. मला एकाच रायफलीशी जोडून, तिच्याबरोबर नेम जुळवून, माझा नंबर तिच्या दस्त्यावर ठोकला. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. लांबचं जवळ आणते ती किती चांगली वस्तू, असं मला वाटे. जवळ आणून पुढे काय करायचं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी एल्झेआर नावाच्या जवानाकडे आले. तो उत्तरेच्या जंगलातला, सापळे लावणाऱ्याचा मुलगा. बोलायचा कमी. त्याचा जोडीदार विल्फ मात्र टोरांटोचा, ट्रामचा कंडक्टर. तो गप्प बसलाय असं मी कधी पाहिलं नाही. खड्ड्यात उतरतानाही म्हणायचा, "पुढे सरका, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या!" खड्ड्यात दोघंच असत.

आम्ही हॉलंडमध्ये मास नदीच्या काठी होतो. कडाक्याचा हिवाळा होता. पहिल्याच दिवशी एल्झेआरने मला आणि रायफलीला शेतघराच्या बाहेर, पडवीत टांगलं.

"आत घे ना रे. गारठून मरेल बिचारी," विल्फ म्हणाला.

"आमच्याकडे बंदूक ओसरीवर झोपते. बायको आत, बंदूक बाहेर."

"आमच्या टोरांटोत नवरा ओसरीवर झोपतो!"

एल्झेआर हसला आणि विषय तिथेच संपला. गार काच एकदम उबेत नेली की तिच्या आत ओल धरते, ती वरून पुसता येत नाही, हे त्याच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक. एवढी साधी गोष्ट समजावून सांगायची असते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि विल्फला ती थट्टाच वाटली.

नदीपलीकडे वीटभट्टीत शत्रूचा एक नेमबाज लपला होता. आमच्या बाजूच्या बांधाला एक खिंडार होतं. जेवणाचे डबे घेऊन येणाऱ्या माणसांना ते ओलांडावंच लागे, आणि तो त्यांना तिथे टिपत होता. दोघं गेले होते. तो सापडेपर्यंत रोज कुणाचा तरी जीव जाणार होता.

बेत ठरला. विल्फने बांधाआड बसून काठीवर शिरस्त्राण वर करायचं. पलीकडून गोळी सुटली की एल्झेआरने माझ्यातून ती जागा हेरायची आणि बार टाकायचा. दोघांमध्ये अंतर होतं, ओरडायची सोय नव्हती, म्हणून विल्फने आपल्या मनगटाला दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक एल्झेआरच्या हातात दिलं.

"ट्रामची घंटा वाजवतोस असं समज," तो म्हणाला. "दोन हिसके म्हणजे निघ. एक हिसका म्हणजे थांब. आठ वर्षं हेच केलंय मी. झोपेतसुद्धा चुकणार नाही."

"तू गप्प बसशील ना पण, ट्रामवाल्या?"

"तिकीट काढलंस तर बसेन."

आदल्या संध्याकाळी एल्झेआरला ताप होता. तो चुलीपाशी झोपला होता. बाहेर बर्फ पडू लागलं. पडवीत आम्ही भिजतोय असं पाहून विल्फने आम्हाला आत आणलं, स्वतःच्या मफलरने पुसलं आणि चुलीजवळ टेकवून ठेवलं. "झोपू दे त्याला," तो माझ्याशीच पुटपुटला, "उद्या त्याचं काम नीट झालं पाहिजे." निघायच्या आधी त्याने आम्हाला गुपचूप पुन्हा पडवीत टांगलं, म्हणजे एल्झेआर रागावणार नाही.

माझ्याशी इतक्या मायेने कुणीच वागलं नव्हतं. पण चुलीची वाफ माझ्या सांध्यांतून आत शिरली होती, आणि बाहेरच्या थंडीत ती काचेवर धरू लागली. मला बोलता येत नव्हतं.

फटफटलं. एल्झेआरने मला बांधाच्या फटीतून पुढे केलं, वरची फडकी काढली, दोरीला दोन हिसके दिले आणि डोळा लावला.

सगळं पांढरं होतं.

त्याने बाहीने पुढची काच पुसली, मागची पुसली. धुकं आत होतं. तिकडे शिरस्त्राण वर येऊ लागलं होतं. त्याने घाईने एक हिसका दिला. थांब. शिरस्त्राण जागच्या जागी राहिलं, खाली गेलं नाही. दोरी बर्फात आखडली होती. ओढ पोचली की नाही, त्याला कळेना. तो घाबरला. त्याने पुन्हा एक हिसका दिला. थांब, थांब!

पण विल्फने मोजले ते दोन.

दोन म्हणजे निघ. एल्झेआरला अजून नीट दिसत नसणार, असं समजून त्याने काठी आणखी वर केली. हात पुरेना म्हणून गुडघ्यांवर उठला. शिरस्त्राणाखाली त्याचं स्वतःचं डोकं बांधाच्या वर आलं.

पलीकडून एकच गोळी आली.

मित्रांनो, त्या वीटभट्टीतल्या रायफलीवरही माझ्यासारखीच दुर्बीण असणार. तिची काचही कुणा बाईने श्वास वळवून घासली असणार. त्या सकाळी तिला स्वच्छ दिसत होतं, एवढाच फरक. एल्झेआरच्या डोळ्याशी असताना मीही पूर्वी माणसं अशीच जवळ आणली होती. दाढी न केलेला एक. पाव खाणारा एक. कुणीतरी त्यांनाही घरी म्हटलं असेल, थांब, जाऊ नकोस.

दुरुस्ती करणाऱ्याने मला उघडून पाहिलं. "आत ओल धरली. ही गेली. चुलीजवळ कुणी ठेवली होती?"

एल्झेआरने विल्फचा मफलर ओळखला होता. रायफलीच्या पट्ट्याला त्याचे लोकरीचे धागे अडकले होते. तो म्हणाला, "माहीत नाही, साहेब. फेकून देणार असाल तर मला द्या."

तसा मी त्याच्या घरी आले. त्याने पुन्हा कधी शिकार केली नाही. मला त्याने ओसरीवर खिळ्याला टांगलं. उन्हाळा आला तरी आत घेतलं नाही. पुढे वय झालं, तेव्हा मला या क्लबात आणून दिलं. दर नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, तो येतो, कपाटासमोर बसतो. नातीने एकदा विचारलं, "आजोबा, विल्फआजोबा कसे होते हो?" त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "पुढे सरका, पुढे सरका, म्हणायचा." आणि उठून गेला.

गेल्या वर्षी क्लबच्या ग्रिबलबाई त्याला म्हणाल्या, "शहरात एक काचवाला आहे. खोलून धुतली तर पुन्हा स्वच्छ दिसेल हो."

"कशाला?" तो म्हणाला. "काय बघायचं राहिलंय?"

जुन्या वस्तू शेवटी मुलांना सांगतात, आमची निगा राखा. मी तसं सांगणार नाही. माझी काच धुऊ नका. मला पुन्हा कुणाच्या डोळ्याशी नेऊ नका. आणि कुणी तुम्हाला थांब म्हणालं, तर मुलांनो, पहिल्याच हिसक्याला थांबा. दुसरा द्यायची वेळ त्याच्यावर आणू नका.