संध्याकाळचं गाऱ्हाणं

"हळू बोल गो सुगंधा. देव काय बहिरो नाय."

लग्न होऊन आले त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मला हे सांगितलं. मी दिवा लावून मोठ्यानं स्तोत्र म्हणत होते, माहेरची सवय. त्या दिवसापासून माझा आवाज खाली आला तो कायमचा. आधी परळच्या चाळीत, मग गिरणी गेल्यावर इथं कांदिवलीत, सगळे म्हणत की सुगंधावहिनींचा आवाज कधी भिंतीपलीकडे गेला नाही. मला ते ऐकून बरं वाटायचं. आता वाटतं, मी ओरडणारी बाई असते तर बरं झालं असतं. ओरडून सांगितलेलं लोक अर्धंच खरं धरतात. हळू सांगितलेलं पूर्ण खरं धरतात.

माझी व्रतं बरीच आहेत. सोमवार, संकष्टी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात काही नाही, रोज पोथीचा एक अध्याय. आणि संध्याकाळी दिवा लावला की देवापुढे गाऱ्हाणं.

आमच्या कोकणात गाऱ्हाणं घालतात. गावचा जाणता माणूस हातात नारळ धरून देवाला सगळं सांगतो, मग मागणं मागतो, आणि बाकीचे 'होय महाराजा' म्हणतात. मागणं बरेचदा चांगलंच असतं, पोरांचं शिक्षण, आजारी माणसाला बरं वाटू दे, असं. पण गाऱ्हाणं माणसावरही घालता येतं. अमक्यानं माझं असं वाईट केलं, देवा, तू बघून घे. मी सात वर्षं रोज संध्याकाळी हे दुसरं गाऱ्हाणं घातलं. माझ्या धाकट्या जावेवर, प्रेमावर.

श्यामसुंदरभाऊजी, माझे धाकटे दीर, वर्षभर आजारी होते. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. त्याच वर्षी प्रेमा मालाडच्या एका ख्रिस्ती प्रार्थनेला जाऊ लागली. मग ती मंडळी त्यांच्या घरीही यायला लागली. भाऊजींच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटायची. आमच्या घरात हे कुणाला सहन झालं नाही. नातेवाईक म्हणायचे, हिच्यात सैतान शिरला. मी असं कधी म्हटलं नाही. मी गप्प राहायचे, तेवढ्यानं मला मी भली वाटायचे.

एक दिवस मी त्यांच्याकडे जेवणाचा डबा घेऊन गेले होते. साखर शोधताना फळीवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात भाऊजींच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या होत्या, एकही गोळी न काढलेल्या. मी झाकण लावून डबा होता तिथं ठेवला. प्रेमा बाहेर कपडे वाळत घालत होती. तिला हाक मारून विचारायला दहा पावलं चालावं लागलं असतं.

मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी भाऊजी गेले. तेराव्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या ह्यांना हळूच म्हटलं, "अहो, तिनं गोळ्या बंद केल्या होत्या. प्रार्थनेवाल्यांच्या सांगण्यावरून. भरलेल्या पट्ट्या मी डोळ्यांनी बघितल्या."

दुसरं वाक्य मी कुठून आणलं, मला आजही सांगता येत नाही. पट्ट्या बघितल्या होत्या. सांगणं कुणी ऐकलं होतं?

आमच्या गावच्या मंडळींची मुंबईत सभा भरते, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये. पुढं नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून सुरू होते. हे तिथं उठून बोलले. दत्ताराम बोलतो म्हणजे खरंच असणार, आणि त्याच्या बायकोनं बघितलंय म्हणजे तर प्रश्नच नाही. ठरलं की प्रेमाशी कुणी संबंध ठेवायचा नाही, गावच्या घरातल्या गणपतीला तिनं आणि तिच्या मुलीनं पायरी चढायची नाही. कागदावर काही लिहिलं नाही. हल्ली लिहीत नाहीत.

प्रेमा श्रुतिकाला घेऊन मढला राहायला गेली. तिथं शूटिंगला भाड्यानं देतात त्या बंगल्यांपैकी एकात स्वयंपाक करते, असं कानावर यायचं. मी इथं दिवा लावायचे आणि म्हणायचे, "ज्यानं श्यामभाऊजींचं आयुष्य कमी केलं, त्याला तू बघ रे महाराजा." नाव घेत नव्हते. नाव नाही घेतलं तर पाप लागत नाही, असं मनाशी धरलं होतं.

गेल्या माघात ह्यांचे पाय सुजले. बोरिवलीच्या डॉक्टरांकडे गेलो, भाऊजींना बघायचे तेच. त्यांनी रिपोर्ट वाचले आणि ह्यांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांवर काट मारली.

"ह्या आजपासून बंद. मूत्रपिंडांना झेपत नाहीत." मग चष्म्यावरून बघून म्हणाले, "तुमच्या भावाचंही हेच झालं होतं ना? त्याच्या जुन्या गोळ्या मीच थांबवल्या होत्या. नवा पुडा आणलेला तसाच राहिला म्हणून त्याची बायको हळहळत होती, परत घेतील का विचारायला आली होती बिचारी."

हे तेव्हा रिपोर्ट पिशवीत घालत होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "डॉक्टरांचा काय भरवसा, दिवसाला शंभर पेशंट बघतात." त्या संध्याकाळी दिवा लावला आणि तोंडात शब्द आला नाही. नुसती उभी राहिले. सात वर्षांत पहिल्यांदाच मला तिथं सांगायला काही नव्हतं.

पुढच्या बुधवारी मालाडहून मढची बस धरली. पत्ता श्रुतिकाच्या जुन्या मैत्रिणीकडून मिळवला होता. गावठाणात चर्चच्या मागं एक खोली, दाराशी चपला. आत चटईवर पाचसहा बायका बसल्या होत्या. प्रेमानं मला बघितलं. उठली नाही. जरा सरकली आणि चटईवर जागा केली, एवढंच. प्रार्थना चालू आहे हे मला उशिरा कळलं, तोवर मी बसले होते.

मधे एक वयस्कर बाई मांडीवर बायबल घेऊन बोलत होत्या. द्रौपदीबाई, पालिकेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, नगरकडच्या. समोरची एक तरणी बाई त्यांना विचारत होती, "बाई, माझा पोरगा विचारतो, सैतानाला शिंगं किती. काय सांगू?"

"सांग, चित्रकाराला विचार," द्रौपदीबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. "शिंगं, शेपूट, लाल अंग, हे पुष्कळ नंतर आलं गं. ह्या पुस्तकात तसं काही नाही. जुन्या हिब्रू भाषेत तर ते नावसुद्धा नव्हतं. साधा शब्द होता. विरोधात उभा राहतो तो. कोर्टात आपल्यावर आरोप करणारा उभा राहतो ना, तसा. एका राजाच्या शत्रूंना तोच शब्द वापरलाय. एके ठिकाणी वाट अडवणारा चांगला देवदूत आहे, त्यालाही तोच."

"म्हणजे माणूस पण सैतान?"

"माणसालाही तो शब्द लागतो, एवढं म्हण. एका भल्या माणसाची गोष्ट आहे. देवाच्या दरबारात सगळे जमतात, त्यात हा आरोप करणाराही येतो. करतो काय? चाकू नाही मारत, आग नाही लावत. देवापुढे उभा राहतो आणि त्या माणसाबद्दल शंका सांगतो. हा वरून भला दिसतो, आत तसा नाही म्हणतो. मग पुढं ग्रीक भाषेत शब्द आला, त्याचा अर्थ चहाडखोर. खोटा दोष लावणारा. हळूहळू तो मोह घालणारा झाला, सगळ्या वाईटाचा मुख्य झाला, देवाचा वैरी झाला. पण अगदी शेवटच्या पुस्तकातही त्याची ओळख काय दिलीय? आपल्या भावंडांवर रात्रंदिवस देवापुढे दोष ठेवणारा."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना मी कोण हे ठाऊकही नव्हतं. रात्रंदिवस नाही, मी मनात म्हटलं, फक्त संध्याकाळी. आणि असं म्हटल्याची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"आणि बाई, देव काय करतो मग?" कुणीतरी विचारलं.

"एके ठिकाणी एक याजक, म्हणजे पुजारी, उभा आहे, अंगावर मळके कपडे. हा आरोप करणारा त्याच्या उजव्या हाताला उभा, दोष सांगायला. देव त्याला गप्प करतो आणि म्हणतो, ह्याचे मळके कपडे उतरवा, चांगले घाला. कपडे मळके नव्हते असं नाही म्हणत हं. मळके होतेच."

प्रार्थना झाली, बायका गेल्या. प्रेमानं चहा ठेवला. केस पांढरे झाले होते तिचे. मी बॅगेतून लाडवांचा डबा काढला.

"ठेव तिकडं," ती म्हणाली. "उपास असेल तुझा. दूध देऊ का नुसतं?"

"बुधवार आहे."

"हां, बुधवारी सुट्टी असते तुला देवाकडून."

मी हसले नाही, तीही नाही. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. डब्याचं सांगितलं, फळीचं, दहा पावलांचं. ती कपात चहा गाळत राहिली.

"मला माहीत होतं, वहिनी."

"काय?"

"तूच बोललीस ते. मोठे भाऊजी आमच्या स्वयंपाकघरात कधी आले होते? डब्यात काय आहे ते त्यांना कसं कळणार?"

"मग तू सांगितलं का नाहीस गं? डॉक्टरांचा कागद असेल ना तुझ्याकडे."

"आहे की. कुणाला दाखवू? सभेत बायकांना बोलू देतात? आणि सगळे म्हणाले, सुगंधावहिनी खोटं कशाला बोलेल, ती तर मुंगीला पण वळसा घालून जाते." तिनं कप माझ्यापुढे सरकवला. "मला शिव्या घालणाऱ्यांचा राग गेला कधीच. तुझा जात नाही. रोज प्रार्थना करते, जात नाही. खरं सांगते."

मी तिच्या पायाशी वाकायला गेले. तिनं माझा दंड धरला, जोरात.

"हे नको. इथं माझ्यासमोर रडून तू मोकळी होशील, घरी जाशील. माझं काय?" मग जरा थांबून म्हणाली, "श्रुतिकाचं लग्न ठरलंय. वैशाखात. मुलगा वसईचा आहे, चांगला. ती माझ्याबरोबर प्रार्थनेला येते, कधी नाही पण येत. तिची एकच इच्छा आहे. पहिली पत्रिका बाबांच्या गावच्या देवापुढे ठेवायची, तिच्या आत्याच्या लग्नात ठेवली होती तशी. भावकीतलं कुणी बरोबर गेल्याशिवाय पुजारी हात लावणार नाही. भावकीतल्या दोघांना फोन केला पोरीनं. दोघांनी ठेवून दिला."

"मी जाते तिच्याबरोबर."

"चोरून?" प्रेमा म्हणाली. "माझी पोर देवाकडे चोरून जाणार नाही. जिथं बोललं गेलं तिथं बोल. त्याच माणसांपुढे. तू बोल, मोठ्या भाऊजींच्या तोंडून नको."

"बोलेन."

"बघ हं. तिथं तुझं कोणी ऐकून घेणार नाही."

"बोलेन मी, प्रेमा. ह्याच महिन्यात."

निघताना तिनं डबा उघडून एक लाडू काढला, बाकीचे परत दिले. "एवढा पुरे," म्हणाली.

घरी ह्यांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही.

"अगं, सात वर्षं झाली. आता उकरून काय मिळणार?"

"पोरीची पत्रिका."

"माझं तोंड काय राहील तिथं? मी उभा राहून बोललो होतो."

"मी सांगितलं म्हणून बोललात. तेच सांगणार आहे."

"म्हणजे लोक म्हणतील दत्ताराम बायकोच्या सांगण्यावर नाचतो."

"म्हणतील," मी म्हटलं. "आणि मला काय म्हणतील तेही म्हणू देत."

त्यांचाही धाकटा भाऊ गेला होता, हे मी विसरत नाही. राग धरायला त्यांना कुणीतरी हवं होतं आणि मी हातात आणून दिलं. त्यांच्यावर माझा दोष नाही. दोष ठेवायची मला आता भीतीच वाटते. मुलगा, निलेश, पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, पत्र लिहून दे ना, सेक्रेटरी वाचेल." पत्र हळूच वाचलं जाईल, हळूच घडी घालून ठेवलं जाईल. मी नको म्हटलं.

त्या दिवसांत दिवा लावत होते, हात जोडत होते, मागत काही नव्हते. प्रेमासाठी चांगलं मागावं असं एकदा मनात आलं. पण तिच्याबद्दल देवापुढे तोंड उघडायचा हक्क मला आधी माणसांपुढे कमवायचा होता.

दुसरा रविवार आला. सभा चारला. मी दुपारची भांडी घासून ठेवली, रोजची सुती साडी नेसले. भारीतली नेसावी का, असं वाटलं होतं, पण मग तेही नको वाटलं. मनात वाक्यं जुळवून बघितली. लांब होत होती. शेवटी दोनच ठेवली. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या होत्या. मी न विचारता प्रेमावर आळ घेतला. बाकी ते विचारतील त्याला उत्तर देईन.

हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते, श्वासावरून कळत होतं.

"अहो, मी जरा येते," मी म्हटलं.

मी थोडा वेळ दारात थांबले. मग चपला घातल्या, दार लोटून घेतलं आणि जिना उतरायला लागले. खाली शेजारची रुचिरा मुलाला सायकल शिकवत होती. "काकी, कुठं निघालात एवढ्या उन्हाच्या?" तिनं विचारलं.

"सभेला," मी म्हटलं, आणि शाळेच्या रस्त्याला लागले.