दोन इंजिनांचा नवरदेव

लग्नात मुलीच्या मामाला एकच काम. भटजींनी हाक मारली की भाचीला हाताला धरून अंतरपाटापाशी आणायचं. तेवढ्यासाठी मी सकाळीच कासूहून रोह्याला येऊन फेटा बांधून बसलो होतो. आणि आमचे व्याही काळुरामशेठ तिकडे पेणला हेलिकॉप्टरसमोर नारळ फोडत होते.

काळुरामशेठ म्हणजे काय सांगू! खाडीकडची जमीन विकली, तेव्हापासून माणसाला साध्या गाडीत बसायची लाज वाटते. पेण ते रोहा तासाभराचा रस्ता. पण नाय, पोरगा आकाशातूनच उतरला पाहिजे.

साखरपुड्याला त्यांचा निलेश, म्हणजे नवरदेव, छाती पुढे काढून सांगत होता, "साध्या हेलिकॉप्टरला दहा मिनिटं लागतात. आपण डबल इंजिनवालं सांगितलंय. डबल ताकद. पाच मिनिटांत रोहा."

माझी भाची प्रतिक्षा पुण्याच्या एका कंपनीत हेलिकॉप्टरची पातीच तपासते. तेच तिचं शिक्षण, तीच नोकरी, आणि त्या गाढवाला ते ठाऊक होतं. ती शांतपणे म्हणाली, "तसं नसतं. पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्यावर चालून जातं, दुसऱ्या बाजूचं मागे सरतं. वेग फार वाढला की मागे सरणाऱ्या पात्याला हवा नीट मिळत नाय, ते उचलायचं सोडतं. मग इंजिन कितीही मोठं लावा. मोठ्या इंजिनाने वजन जास्त उचलतं, उंच जाता येतं. वेगात थोडाफार फरक पडेल, दुप्पट नाय होणार."

निलेश सगळ्यांकडे बघत हसला. "घ्या, लग्नाआधीच शिकवणी चालू! तू पाती बघ गो, उडवायचं आम्ही बघतो."

सगळे हसले. लाज वाटते सांगायला, पण मीसुद्धा हसलो.

घरी आल्यावर प्रतिक्षा म्हणाली, "मामा, त्याला हेलिकॉप्टरमधलं कळत नाय, त्याचं मला काय नाय. पण हा माझं कधी ऐकणार हाय का? जन्म काढायचाय मला."

"जाऊ दे गो," मी म्हटलं. "चुकला की कळेल त्याला."

"कळलं तर बरंच. 'तू बोलली होतीस' एवढं जरी म्हणाला, तरी मला पुरे."

लग्नाच्या दिवशी काळुरामशेठनी मुहूर्त तोंडावर येईपर्यंत पेणला ड्रोनने शूटिंग चालवलं. घाई कशाला, पाच मिनिटांत रोहा! वर डबल ताकद हाय म्हणून दोन जाड्या आत्या आणि मिठाईचे खोके आत कोंबले. ते मात्र इंजिनाने मुकाट उचललं. इंजिन त्याच कामाचं होतं.

इकडे मंडपात लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकट झाल्या. भटजी घड्याळ बघून थकले. मुहूर्त टळला, आणि मग कुठं निडी गावाच्या बाजूने ते धूड दिसलं. साध्या हेलिकॉप्टरच्याच चालीने येत होतं. मैदानात उतरताना आमच्या मंडपाची कनात तेवढी उडवली.

भटजी समजूतदार. म्हणाले, तासाभराने दुसरा मुहूर्त हाय. कोणी रडलं नाय, कोणी भांडलं नाय. लग्न मोडायचं काहीच कारण नव्हतं.

निलेश मंडपात आला तोच बडबडत. "पायलटच भित्रा निघाला! इंजिनात दम होता, त्याने दाबलंच नाय."

प्रतिक्षा बाहेर आली. मुंडावळ्या बाजूला करून हळूच विचारलं, "मी काय बोलले होते, आठवतं का?"

मी मनात म्हटलं, बोल रे बाबा. एवढंच बोल.

"आठवतं तर!" तो म्हणाला. "तूच तेव्हा तोंडातून अपशकुन काढलास. म्हणून तर उशीर झाला."

काळुरामशेठनी मान डोलावली. दोन्ही आत्यांनीही डोलावली. या वेळी आमच्यातलं कोणी हसलं नाय.

प्रतिक्षाने माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. मी तिला हाताला धरून सगळ्या मंडपातून चालवत नेली, बोहल्याला पाठ करून, थेट माझ्या गाडीपाशी. मागून काळुरामशेठ ओरडत होते. त्यांना म्हणावं, ओरडा, आवाजाला पण डबल इंजिन लावा.

मी गाडी सुरू करून जोरात काढली. तिने मुंडावळ्या सोडून मांडीवर ठेवल्या.

"मामा, हळू चालव," ती म्हणाली. "आता कुठं वेळेवर पोचायचं नाय."