फाटकाच्या अलीकडे

आमच्या ह्यांची गाडी फाटकाच्या अलीकडे बंद पडायची. रोज, त्याच जागी. स्टेशनातून झोकात निघायची, गोदामामागून वळण घ्यायची, पुलावरून खडखडत यायची आणि फाटक वीतभर राहिलं की मुकाट उभी. मग हे तिला अलगद उचलून परत स्टेशनात नेऊन ठेवायचे.

"मालकाच्याच वळणावर गेलीय," मी दारातून म्हणायचे. "काम संपत आलं की हिचं अवसान गळतं."

हे तिच्या चाकांवरची धूळ फुंकत राहायचे. गाडी म्हणजे टेबलावर मांडलेली, हातभर लांबीची. पण तिला खेळणं म्हटलेलं ह्यांना खपायचं नाही. मॉडेल म्हणायचं.

ह्यांनी जन्मभर कचेरीत बसून रस्त्यांचे आणि गटारांचे नकाशे काढले. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी आमची टकळी गेली. टकळी म्हणजे आमची एकुलती एक लेक. तोंड कधी मिटायचं नाही तिचं, म्हणून टकळी. कामावरून स्कूटरने घरी येत होती. गावातल्या रेल्वे फाटकात गाडीखाली आली. फाटक उघडं होतं. फाटकवाला ते पाडायला विसरला होता. मी अजून त्या रस्त्याने जात नाही, बाजाराला लांबचा वळसा घालून जाते.

वर्षभर हे भिंतीकडे बघत बसले. मग एके सकाळी टकळीच्या खोलीत जमिनीवर मोठा कागद अंथरला आणि पट्टी-पेन्सिल घेऊन त्यावर ओणवे झाले. मला वाटलं, बरं झालं, हाताला काम लागलं. पण तिचा पलंग बाहेर आला, कपाट बाहेर आलं, प्लायवुडचं टेबल आत गेलं, आणि त्याच्यामागून हे जे आत गेले ते गेलेच. जेवायलासुद्धा चार हाका माराव्या लागायच्या. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? त्या खोलीत अजून तिचा वास होता. तो जाऊन सरसाचा आणि रंगाचा आला.

काम मात्र बघत राहावं असं. रुळांखाली बुचाच्या पट्ट्या, त्यांवर चहाच्या गाळणीने चाळलेली खडी. टेकडी रद्दी आणि प्लास्टरची. माझे भांडी घासायचे स्पंज नाहीसे व्हायला लागले, ते हिरवे होऊन झाडांवर उगवले. गाव आमचंच होतं. सायकलच्या दुकानाची वाकडी पाटी, पाण्याच्या टाकीवरचा गंज, सगळं जसंच्या तसं. आमच्या गच्चीवर दोरी होती आणि दोरीवर माझा निळा गाऊन वाळत होता, नखाएवढा.

"माझी अब्रू टांगलीत की चारचौघांत!" मी म्हणाले. त्या दिवशी हे हसले होते.

खिडकीकडच्या टोकाला मी कधी गेले नाही. तिथे फाटक होतं.

शेवटी मी माझ्या धाकट्या दिरांना बोलावलं. ते वायरमन आहेत, हात सोन्याचा आणि तोंड फाटकं. मनात माझा हिशेब साधा होता. गाडी एकदा पार गेली, काम पुरं झालं, की हा माणूस खोलीच्या बाहेर येईल. माझ्यासमोर बसून चहा पिईल. मला एवढंच हवं होतं. लेक गेली ती गेली, नवरा तरी परत पाहिजे होता.

हे दाढी करून यायला खाली गेले होते. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि रुळाला नाक लावलं.

"वहिनी, सापडलं! रूळ तुटलाय इथे. केसाएवढी फट आहे. पुढे वीज जाणार कशी, डोंबल!"

"मग जोडा की."

त्यांनी फटीवर वायरचा तुकडा टाकला, कथलाचा डाग दिला, फुंकर मारली. तेवढ्यात हे दारात आले. गालाला साबण लागलेला होता.

"दादा, बघ आता!" म्हणत भाऊजींनी बटण फिरवलं.

"थांब," हे म्हणाले. पण गाडी निघाली होती. वळण, पूल, आणि ह्या वेळी ती थांबली नाही. फाटकवाल्याच्या खोपटामागे बारीकसा टक् असा आवाज झाला आणि काहीतरी लाल उडून खाली पडलं.

हे गुडघ्यांवर बसले आणि फरशी चाचपायला लागले. मला काही कळेना. मग टेबलाच्या पायाशी मलाच ते मिळालं. लाल स्कूटर, बोटाच्या पेराएवढी. वर एक मुलगी. पिवळी ओढणी, पाठीला काळी पिशवी. टकळी त्या दिवशी हेच घालून गेली होती.

मी पहिल्यांदा त्या टोकाला गेले. फाटक उघडं होतं. दोन रुळांच्या मधोमध सरसाचा एक थेंब चमकत होता.

"रूळ तुटला नव्हता," हे खालूनच म्हणाले. "मी कापला होता."

"मला सांगायचं नाही?"

"वेड लागलंय म्हणाली असतीस."

"म्हणाले असतेच."

भाऊजी भिंतीला टेकून रडत होते. "दादा, मला दिसलंच नाही रे. आत्ता काढतो, आत्ता." पण पिशवी उघडायचंदेखील त्यांना सुचेना.

दोन वर्षं मी ह्या माणसाला टोचून बोलत होते, आणि हा इथे रोज एकटा उभा राहून आपल्या लेकीच्या अलीकडे गाडी थांबवत होता. मला त्याचा राग आला, त्याची माया आली, आणि सगळ्यांत जास्त, मला ह्यात घेतलं नाही हे मनाला लागलं.

"सरका," मी भाऊजींना म्हणाले. त्यांच्या पिशवीतून कटर घेतला आणि जोडलेली वायर कापून टाकली. ह्यांना उठवलं. स्कूटरला सरस लावून होती तिथे ठेवली आणि सुकेपर्यंत बोटाने धरून उभी राहिले.

हे गाडी स्टेशनात ठेवून आले. बटणावर हात ठेवला, काढला, आणि माझ्याकडे बघितलं. बटण मी फिरवलं.

गाडी निघाली. गोदाम. पूल. फाटक वीतभर राहिलं आणि ती उभी राहिली.

मी वाकले, स्कूटरच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"जा गं," मी म्हणाले. "थांबलीय ती. जा पटकन."