दोन विमानं बदलून

सगळे प्रवासी बाहेर पडले तरी ताईचा पत्ता नव्हता. शेवटी विमानतळावरची एक मुलगी तिला हाताला धरून घेऊन आली.

"तुम्हीच भाऊ ना? या ताई जागेवरून उठेचनात. म्हणाल्या, मी मधेच उतरणार नाही, माझ्या भावाचं शहर रात्री येतं!"

मुलगी हसत होती. छोट्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्याचं कळलं आणि ताईला राहवलं नाही. ती काम करायची त्या शिलाईच्या दुकानाच्या मालकिणीने तिकीट काढून दिलं. ताईने फोन केला तो थेट विमानात बसताना. आता अडवणार कसं?

टॅक्सीत ती म्हणाली, "आज लवकर पोचवलं रे. वारा पाठीमागून असेल."

'हो' म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं.

"नाही ताई. दीडच तास लागतो. पहिल्यापासून."

"दोन विमानं बदलावी लागतात म्हणालेलास."

"खोटं बोललो."

नव्या ऑफिसातल्या लोकांसमोर तिचं मोठ्यानं बोलणं, सुईने टोचलेली बोटं त्याला नको वाटली होती. तिने येऊ नये म्हणून एकदा थाप मारली, मग तीच पुढे चालू राहिली.

"आई गेली तेव्हाही?"

"तेव्हा ऑफिसात मोठं काम होतं. सुट्टी मागायचं धाडस झालं नाही. तुला म्हटलं, उद्याशिवाय पोचणार नाही."

ताईने तोंड खिडकीकडे वळवलं. म्हणाली, "लोक म्हणत होते, अग्नी द्यायला मुलासाठी थांबा. मीच थांबू दिलं नाही. म्हटलं, ते पोर कुठून कुठून येणार."

त्याला मान वर करवेना.

चार दिवस तिने त्याचं पथ्यपाणी सांभाळलं. एक शब्द वाकडा बोलली नाही. तिने चांगलं फैलावर घ्यावं असं त्याला वाटत होतं, ती विचारायची ते एवढंच, "गोळी घेतलीस?"

ती निघाली तेव्हा तो म्हणाला, "मीही येतो."

"नको. प्रवास कसा झाला म्हणून लोक विचारतील. मी काय सांगू?"

तरी तो तिच्यासोबत घरी गेलाच. शेजारच्या काकू आपल्या दारातच उभ्या होत्या. "एवढ्या लांबून आलास रे, थकला असशील!"

"हो, फार..." ताई घाईघाईने म्हणाली.

"नाही काकू, जवळच आहे. आईच्या वेळीही येता आलं असतं. मीच आलो नाही."

काकूंनी एकदा ताईकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"हे सांगायची काय गरज होती?" कुलपाशी झटापट करत ताई पुटपुटली. तिचे कान लाल झाले होते. दार उघडलं, तशी त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "आत ये. टाके ओले आहेत अजून, उभा राहू नकोस."